वाचकांचे प्रश्न : ट्रेनिंगला निघालोय आणि झोपच लागत नाहीये!

१४ ते २० एप्रिल देशभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो म्हणून मागच्या अंकात या विषयावर प्रश्न मागवले होते. मला वाटलं लोक घरातल्या सिलेंडरबद्दल, सोसायटीत भिंतीला टांगलेल्या त्या लाल नळकांड्याबद्दल विचारतील, पण आले ते जवळजवळ सगळे भरतीचे आणि ट्रेनिंगचे, आणि इतक्या उत्साहाने लिहिलेले की वाचताना मलाच परत ग्राउंडवर जाऊन उभं राहावंसं वाटलं. मी फायर ब्रिगेडमधून रिटायर झालोय, नोकरीचा शेवटचा बराच काळ नवीन पोरांना ड्रिल शिकवण्यात गेला. निवडक प्रश्न घेतलेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : सर, माझं वय २१. फायरमन म्हणून सिलेक्शन झालंय आणि पुढच्या महिन्यात ट्रेनिंग सुरू होतंय. इतका एक्साइट झालोय की रात्री झोप लागत नाही, मोबाईलवर आग विझवायचे व्हिडिओच बघत बसतो. पण आमच्या ओळखीचे एक काका दलात आहेत, ते म्हणाले आठ दिवसात उतरेल सगळं, परेड आणि पाइप गुंडाळणं एवढंच असतं. खरं काय? (कराड)

आधी अभिनंदन रे! काकांचं अर्धं बरोबर आहे. परेड असते, पाइप गुंडाळणं असतं, उजाडायच्या आत उठून पीटी असते आणि पहिल्या आठवड्यात पोटऱ्या इतक्या भरून येतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. पण उत्साह उतरतो हे काही मला पटत नाही. ज्याला मुळात हे काम हवंय त्याचा उतरलेला मी तरी बघितला नाही.

पाइपचंच घे. आपल्याकडे जो डिलिव्हरी होज असतो तो साधारण ६३ मिलिमीटर व्यासाचा आणि १५ मीटर लांब, रिकामा असताना गुंडाळी काखेत मारून पळता येतं. एक हिसका देऊन तो जमिनीवर सरळ उलगडायचा, एकाचं मेल कपलिंग दुसऱ्याच्या फिमेलमध्ये खटकन बसवायचं, पुढे ब्रँच, म्हणजे पाणी सोडायची तोटी, लावायची आणि पाय रोवून ओरडायचं, ‘वॉटर ऑन!’ मग पंपावरचा माणूस पाणी सोडतो आणि ते पाणी तुझ्याकडे येताना तुला दिसतं, चपटा पडलेला पाइप फुगत फुगत तुझ्या दिशेने येतो आणि हातात असा काही झटका बसतो की व्हिडिओत त्याचा अंदाजच येत नाही. एका पाइपात ४५ लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे जो पाइप आत्ता हलका होता तो एकदम तेवढ्या किलोने जड झाला, आता तो ओढायचा आणि वळवायचा पण आहे. २० मिलिमीटरच्या नोझलमधून ७ बार प्रेशरने पाणी सुटलं की मिनिटाला साधारण ७०० लिटर बाहेर पडतं आणि ते तुला मागे ढकलतं जवळपास ४५ किलोच्या जोराने. एकट्याने धरून ठेवायचं कामच नाही ते, मागे दुसऱ्याने खांदा लावायलाच लागतो. पहिल्यांदा हे हातात आलं ना की पोरं हसतात, अगदी गंभीर चेहऱ्याची पोरं पण हसतात, मी कित्येक बॅचेसना बघितलंय.

आणि गुंडाळणं का एवढं घोटून घेतात ते पण सांगतो. वर्दी, म्हणजे आगीची खबर, येते रात्री दोनला, गाडी पोचते, लोक ओरडत असतात, आणि त्यावेळी पाइपला पीळ पडला किंवा कपलिंगमधला वॉशर गायब निघाला तर पाणी पुढे जातच नाही. तो पाइप आदल्या दिवशी कुणीतरी धुतला, वाळवला, तपासला आणि नीट गुंडाळला म्हणून तर तो रात्री एका हिसक्यात उलगडतो. काकांनी हे कामच आयुष्यभर केलं असणार, त्यांना ते आता साधं वाटतं एवढंच.

मग येतं क्रू ड्रिल. प्रत्येकाला नंबर मिळतो, नंबर एक काय करणार, नंबर दोन काय करणार, सगळं ठरलेलं. ‘गेट टू वर्क!’ म्हटलं की सगळे सुटतात आणि पहिल्या दिवशी जो काय गोंधळ होतो, एकमेकांच्या पायात पाय, दोघं एकच पाइप उचलतायत, हायड्रंटची चावी गाडीतच राहिली, विचारू नको. मग नंबर बदलतात, काल तू ब्रँचवर होतास तर आज पंपावर, उद्या शिडीवर. असं करत करत एक दिवस असा येतो की कुणी कुणाला काही सांगत नाही आणि तरी शिडी लागलेली असते, पाइप वर गेलेला असतो, पाणी सुटलेलं असतं. त्या दिवशी सगळी बॅच एकमेकांकडे बघते. माझ्या मते ट्रेनिंगमधला खरा थरार इथे आहे, ज्वाळांमध्ये नाही, आणि तो कॅमेऱ्यात येत नाही म्हणून बाहेरच्यांना माहीतच नसतो.

पण तू ज्याची वाट बघतोयस ते बहुतेक बीए सेट. ब्रीदिंग अपॅरेटस, पाठीवरचा हवेचा सिलेंडर आणि तोंडावर मास्क. मास्क चढवला की बाहेरचे आवाज लांब जातात आणि स्वतःचा श्वास कानात घुमायला लागतो, पहिल्यांदा बरेच जण इथेच घाबरतात आणि भराभर श्वास घ्यायला लागतात. हिशोब बघ. ६ लिटरचा सिलेंडर ३०० बारला भरला तर आत साधारण १८०० लिटर हवा. काम करणाऱ्या माणसाला मिनिटाला ४० लिटर धरतात, म्हणजे कागदावर ४५ मिनिटं. पण जो धापा टाकतो त्याची हवा त्याच्या कितीतरी आधी संपते, आणि प्रेशर साधारण ५५ बारवर आलं की शिट्टी वाजते. शिट्टी वाजेपर्यंत आत थांबायचं नसतं, ती वाजायच्या आधी तू बाहेर असायला हवास. म्हणजे तुझं शांत राहणं ही काही स्वभावाची गोष्ट उरत नाही, ते लिटरमध्ये मोजता येतं. हे समजलं की पोरं श्वासावर अशी मेहनत घेतात की बघत राहावं.

त्यानंतर स्मोक गॅलरी. आत काळोख, कोंदट गरम हवा, अरुंद बोगदे, मध्येच वाट बंद. बाहेर कंट्रोल बोर्डवर तुझी टॅली, म्हणजे तुझ्या नावाची पट्टी, लावलेली असते, तू किती वाजता आणि किती प्रेशरवर आत गेलास ते लिहिलेलं असतं. आत कायम जोडीने जायचं, एक हात भिंतीला आणि ती भिंत सोडायची नाही, उजवी धरली तर येताना तीच डावीकडे येते, वाट आपोआप सापडते. पाय उचलून टाकायचा नाही, घासत पुढे सरकवायचा, पुढे खड्डा असला तर पायाला आधी कळतं. समोर चाचपताना हाताची पालथी बाजू पुढे, कारण चुकून करंट असलेली वायर लागली तर स्नायू आखडून हात आपल्याकडे ओढला जातो, तळवा लागला तर मूठ वायरीवरच आवळली जाते. हे सगळं वर्गात लिहून घेतलेलं असतं पण काळोखात जेव्हा जोडीदाराच्या बुटाला तुझा हात लागतो आणि तो थांबतो, वळून तुझा खांदा दाबतो आणि परत पुढे सरकतो, तेव्हा ते अंगात जातं. गॅलरीतून बाहेर आलेली पोरं घामाने निथळत असतात आणि सगळी एकदम बोलत असतात, कुणी कुणाचं ऐकत नाही, आणि त्यांना शांत बसवायचं माझ्या कधी जिवावर यायचं.

थिअरीला कंटाळू नको हां. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती साधारण १७०० पट जागा घेते, म्हणून बंद खोलीत पाणी किती आणि कुठे मारायचं याला अक्कल लागते, नाहीतर ती वाफ तुलाच भाजते. छताजवळचा धूर ५०० ते ६०० डिग्रीला गेला की खोलीतलं सगळं सामान एकदम पेट घेतं, त्याला फ्लॅशओव्हर म्हणतात, आणि तो व्हायच्या आधी धूर काही खुणा देतो, किती दाट आहे, किती खाली उतरलाय, किती वेगाने वळवळतोय. या खुणा वाचता यायला लागल्या की तू परत तेच व्हिडिओ बघ, तुला वेगळेच दिसतील. तोपर्यंत मोबाईल बाजूला ठेव आणि झोप, सकाळी पळायचंय.

प्रश्न : मी बारावी झालेय, कबड्डी खेळते, उंची १६३. मला फायर ब्रिगेडमध्येच जायचंय पण घरी सगळे म्हणतात हे मुलींचं काम नाही, वजन उचलायला लागतं. मुलींना ट्रेनिंग वेगळं असतं का? (सिन्नर)

नाही, ट्रेनिंग तेच. होज तोच, शिडी तीच, सेटचं वजन तेच. भरतीत काही मापं आणि काही चाचण्यांची वेळ वेगळी असते एवढंच. मुंबईच्या दलाने २०२२ च्या शेवटी फायरमनच्या ९१० जागा काढल्या होत्या त्यात पुरुषांना उंची १७२ सेंटिमीटर होती आणि महिलांना १६२, शिक्षण बारावी ५० टक्के. उंचीत तू बसतेस. पण प्रत्येक महानगरपालिकेची जाहिरात वेगळी असते, तेव्हा ज्या वर्षी फॉर्म भरशील त्या वर्षीचीच जाहिरात ओळ न ओळ वाच.

घरच्यांना हर्षिनी कान्हेकरांचं उदाहरण दे. नागपूरच्या, २००२ साली तिथल्याच नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेजमध्ये फायर इंजिनिअरिंगला त्यांनी अ‍ॅडमिशन घेतली. हे कॉलेज १९५६ मध्ये सुरू झालेलं, आणि तोपर्यंत तिथे एकही मुलगी शिकलेली नव्हती! त्यांनी कोर्स पूर्ण केला, पुढे ओएनजीसीमध्ये गेल्या आणि तेलाच्या आगींच्या कामावर राहिल्या. देशातली पहिली महिला फायर फायटर म्हणून त्यांचं नाव घेतात. आज मुंबईच्या दलात मुली आहेत, गाडीवर जातात, वर्दीला जातात.

वजनाचं म्हणशील तर बेशुद्ध माणूस उचलणं ही ताकदीइतकीच टेक्निकची गोष्ट आहे. फायरमन्स लिफ्टमध्ये तुझा खांदा त्याच्या कमरेत जातो, त्याचं वजन तुझ्या दोन्ही खांद्यांवर पसरतं आणि उचलतात ते मांड्या, पाठ नाही. कबड्डीत खाली बसून रेडरला आवळताना तू मांड्यांचाच जोर लावतेस ना, तोच इथे लागतो. मी तर म्हणेन तू आधीच अर्धी तयारी करून बसलीयेस. फॉर्म भर बाई, घरच्यांना मेरिट लिस्ट दाखव.

प्रश्न : अग्निशमन दिन १४ एप्रिललाच का असतो? आणि ट्रेनिंगमध्ये हा इतिहास शिकवतात का? (डोंबिवली)

शिकवतात, आणि नुसता इतिहास म्हणून शिकवत नाहीत. १४ एप्रिल १९४४, मुंबईचा व्हिक्टोरिया डॉक. फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि त्याच जहाजात साधारण १४०० टन स्फोटकं. दुपारी आग लागल्याचं कळलं, बंब आले, जवान पाणी मारत राहिले, आणि चारच्या सुमाराला पहिला स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासाने दुसरा. ६६ अग्निशामक गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे आणि दरवर्षी तिथे मानवंदना असते.

ट्रेनिंगमध्ये यावर तास घेताना मी पोरांना विचारायचो की पोचल्यावर पहिला प्रश्न कुठला? पोरं म्हणायची, आग कुठे आहे. दुसरा? आत माणूस आहे का. आणि तिसरा मी त्यांच्याकडून काढून घ्यायचो, आत माल काय आहे? त्या जहाजावर धोक्याच्या मालाचा लाल बावटासुद्धा लावलेला नव्हता. आज गोडाऊनला वर्दी आली की अधिकारी सगळ्यात आधी मॅनेजरला किंवा वॉचमनला हुडकत असतो ते यासाठी, आणि बघणाऱ्या लोकांना वाटतं की हे पाणी मारायचं सोडून गप्पा काय मारतायत. तेव्हा तुम्ही कधी अशा ठिकाणी असाल आणि आत केमिकल, फटाके, सिलेंडर असल्याचं माहीत असेल तर पुढे होऊन सांगा, विचारायची वाट बघू नका.

प्रश्न : नमस्कार. माझा मुलगा सहा महिन्यांच्या फायरमन कोर्सला गेलाय. फोन केला की ड्रिल, शिडी, धूर याशिवाय दुसरं बोलत नाही, खूप खूश आहे. पण मला रात्रभर धडकी भरते. त्याला कसं सांगू, की सांगूच नको? (मिरज)

ताई, काळजी वाटणारच, आणि हे काम सेफ आहे असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली होती, त्या इमारतीचा भाग कोसळला आणि त्यात मुंबई दलाचे चार अधिकारी गेले, सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई. नेसरीकर साहेब दलाचे प्रमुख होते. म्हणजे अनुभव असला की धोका जातो असं नाही. जुनी लाकडी इमारत बराच वेळ जळत राहिली की ती कधी बसेल ते सांगणं फार अवघड असतं.

पण म्हणूनच ट्रेनिंगमधला बराच वेळ परत कसं यायचं यात जातो, आत कसं जायचं यापेक्षाही जास्त. एकट्याने आत जायचं नाही, हवा संपायच्या आधी निघायचं, भिंतीला तडे, चिरफळ्या, प्लास्टर गळणं दिसलं की ओरडून सगळ्यांना सांगायचं, बाहेर पडायचा इशारा झाला की हातातलं काम जिथल्या तिथे टाकून निघायचं. तुमचा मुलगा हे सगळं रोज घोटतोय आणि त्याला त्यात मजा येतेय ही खरं तर तुमच्या बाजूची गोष्ट आहे, कारण ज्याला ड्रिलमध्ये रस असतो तो ते करतो, ज्याला कंटाळा येतो तो शॉर्टकट मारतो.

आणखी एका गोष्टीवर मात्र तुम्ही त्याला टोका. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने अग्निशामकाचं काम कॅन्सरकारक कामांच्या पहिल्या गटात टाकलं. आगीनंतर कपड्यांवर, हेल्मेटवर, केसात जी काजळी बसते ती अंगावर घेऊन फिरायचं नसतं. आमच्या पिढीत काळवंडलेला कोट म्हणजे मोठेपणा समजायचे, ते अतिशय चुकीचं होतं. आल्यावर आंघोळ, किट धुवायचं, ते घरी आणायचं नाही, झोपायच्या खोलीत लटकवायचं नाही, आणि आग विझल्यावर नुसता धूर राहिलाय म्हणून मास्क काढायचा नाही. हे आईने सांगितलं तर तो ऐकेल, आमचं पोरं कधी ऐकतात कधी नाही. बाकी धडकी भरते हे त्याला जरूर सांगा, आणि मग त्या दिवशी त्याने काय केलं ते पूर्ण ऐकून घ्या. घरी ऐकणारं माणूस असलं की पुढे वाईट वर्दीनंतर पण तो घरी येऊन बोलेल, आणि ते बोलणं त्याला फार लागणार आहे.

प्रश्न : सर, मला उंचीची भीती वाटते. बाकी सगळं जमतं. भरतीत वरून उडी मारायला लावतात म्हणे. सोडून देऊ का? (परभणी)

लगेच कशाला सोडतोस? भीती वाटणारे निम्मे असतात बॅचमध्ये, फक्त बोलत नाहीत. जंपिंग शीट म्हणजे खाली गोल करून उभे राहिलेले लोक घट्ट धरून असतात ते ताणलेलं कापड, आणि त्यात जोर लावून उडी मारायचीच नसते, नुसतं पाऊल पुढे टाकून सुटायचं असतं आणि बसल्यासारखं पाठीवर पडायचं असतं, पाय खाली ठेवून उभं पडायला गेलास तर लागेल. हे मात्र आपलं आपण घरच्या पत्र्यावरून गादीवर करून बघायचं नाही, अजिबात नाही.

शिडीचं सोपं आहे. नजर समोरच्या पायरीवर, हात आणि पाय मिळून तीन जागी पकड कायम, आणि रोज दोन पायऱ्या जास्त. वर पोचल्यावर पाय शिडीत अडकवून दोन्ही हात मोकळे सोडायला शिकवतात, लेग लॉक म्हणतात त्याला, आणि ज्या दिवशी तू वर हात सोडून उभा राहशील त्या दिवशी खाली यावंसंच वाटणार नाही. अशी पोरं मी बघितलीयेत, पहिल्या दिवशी चौथ्या पायरीवर थरथरणारी आणि शेवटी हुक लॅडरवर, म्हणजे खिडकीला आकडा अडकवून चढायच्या शिडीवर, सगळ्यांच्या पुढे. पण चक्कर येत असेल, डोळ्यापुढे अंधारी येत असेल तर ती भीती नाही, आधी डॉक्टरला दाखव.

प्रश्न : आमच्या इथे एका प्रायव्हेट क्लासवाल्यांनी फायर अँड सेफ्टी डिप्लोमाची जाहिरात केलीय, शंभर टक्के नोकरी म्हणतात, फी भरपूर आहे. घेऊ का अ‍ॅडमिशन? (जालना)

पैसे भरायच्या आधी थांब. पहिलं म्हणजे फायरमन आणि सेफ्टी ऑफिसर ही वेगवेगळी कामं आहेत. कारखान्यात सेफ्टीचं काम करायचं असेल तर तो रस्ता वेगळा, चांगला पण आहे, पण त्या डिप्लोमावर महापालिकेच्या दलात घेतीलच असं नाही. दुसरं, ज्या दलात जायचंय त्यांची मागची जाहिरात काढ आणि त्यात कुठल्या संस्थेचा कोर्स मान्य आहे ते बघ, हा डिप्लोमा त्यात दिसतो का? नसेल तर विषय संपला.

सरकारी रस्ता असा आहे की महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचं ट्रेनिंग सेंटर मुंबईत सांताक्रूझला कलिन्यात आहे, तिथला फायरमन कोर्स सहा महिन्यांचा. वरच्या पदांसाठी उपस्थानक अधिकाऱ्याचा वेगळा कोर्स असतो, त्याला ग्रॅज्युएशन लागतं. नागपूरचं नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज केंद्राचं, तिथे सब ऑफिसरपासून इंजिनिअरिंगच्या डिग्रीपर्यंत सगळं आहे. आणि काही महापालिका थेट भरती करून स्वतःच ट्रेनिंग देतात, तिथे आधी कोर्स लागत नाही. शंभर टक्के नोकरीची गॅरंटी यातलं कुणीच देत नाही, आणि जो देतो त्याला लेखी द्यायला सांग.

प्रश्न : आम्ही गोव्यातले. मुंबईलाच यावं लागेल का? (पेडणे)

अजिबात नाही. गोव्याचं स्वतःचं अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा संचालनालय आहे, मुख्यालय पणजीत सांत इनेजला, भरतीची चौकशी तिथे करा. शिवाय सीआयएसएफचा, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा, फायर विभाग देशभरातून घेतो, बारावी सायन्स, उंची १७० आणि २४ मिनिटांत ५ किलोमीटर धावणं, ट्रेनिंग हैदराबादला. विमानतळाचं फायर पण आहे, त्यांना गाडीचं लायसन्स लागतं. तिथली मजा वेगळीच, धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला ३ मिनिटांच्या आत पोचलंच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, दोनच्या आत पोचायचा प्रयत्न असतो, त्यामुळे सगळं ट्रेनिंग घड्याळ लावून चालतं. ज्याला गाड्यांचं वेड आहे त्याने तिकडेच जावं असं मला वाटतं.

प्रश्न : भरती निघायला वेळ आहे. घरी बसून काय तयारी करू? गाठी वगैरे शिकता येतील का? (चिपळूण)

गाठी जरूर शिक. सुती दोरी घे, बोलाइन, क्लोव्ह हिच, रीफ नॉट आणि शीट बेंड या चार आधी, आणि त्या डोळे मिटून बांधता आल्या पाहिजेत, मग पाठीमागे हात नेऊन, मग ओल्या दोरीने. चेअर नॉट पण बघून ठेव, माणूस खाली सोडायला वापरतात, पण तिच्यात कुणाला टांगून बघू नको, ते इन्स्ट्रक्टरसमोर आणि सेफ्टी लाइन लावूनच करतात.

पळण्यात ८०० मीटरवर जोर दे, ते लांबचं पण नाही आणि जवळचं पण नाही, सुरुवातीला सगळे सुसाट सुटतात आणि दुसऱ्या चारशेला मरतात. आधी एक महिना रोज सावकाश तीन-चार किलोमीटर, मग आठवड्यातून दोनदा चारशे-चारशेचे तुकडे जोरात, मध्ये विश्रांती. पुलअप्स आणि दोरीवर चढणं आतापासून सुरू कर, हाताची पकड तयार व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. वाळूचं अर्धं पोतं खांद्यावर घेऊन चढ चढायचा सराव कर, वजन हळूहळू वाढव, चाचणीतल्या ५० किलोच्या पुतळ्याएवढं वजन नेता आलं पाहिजे. कोकणात चढाला काय तोटा! पोहायला येत नसेल तर तेही शिकून घे, चिपळूणला पूर काय असतो ते तुला मी सांगायची गरज नाही आणि पावसाळ्यात दलाचं निम्मं काम पाण्यातच असतं. आणि जवळच्या फायर स्टेशनवर जाऊन भेट, ड्युटीवरच्या साहेबांना विचार की ड्रिल बघू का, सप्ताहात तर लोकांसाठी प्रात्यक्षिकं असतातच. कुठल्या वेळी गेलं तर चालेल ते १०१ वर फोन करून विचारू नको मात्र, ती लाइन वर्दीसाठी मोकळी लागते, सरळ गेटवर जा.